न खोडता लिहिणे : मुक्तलेखनाच्या संकल्पनेचा इतिहास

१

लिहिताना मागे वळून पाहायचे नाही, लिहिलेले खोडायचे नाही, सुचेल ते सुचेल त्या क्रमाने कागदावर उतरवत राहायचे. काहीच सुचेनासे झाले तर 'काही सुचत नाही' एवढेच लिहायचे, पण हात थांबू द्यायचा नाही. ही लेखनपद्धती आज 'मुक्तलेखन' या नावाने लेखनविषयक अभ्यासक्रमांत आणि कार्यशाळांत रूढ झाली आहे. तिच्याकडे सामान्यतः एक उपयुक्त क्लृप्ती म्हणून पाहिले जाते. अडलेला हात मोकळा करणारा व्यायाम, एवढेच तिचे प्रयोजन मानले जाते. परंतु या क्लृप्तीच्या मागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात राजकीय अभ्यवेक्षण आहे, मनोविश्लेषण आहे, प्रयोगशाळा आहे, काव्यविषयक जाहीरनामे आहेत आणि शेवटी विद्यापीठाच्या वर्गात प्रथमच पाऊल टाकणारा, लिहायला घाबरणारा विद्यार्थीही आहे. इतक्या भिन्न क्षेत्रांतून प्रवास करीत आलेली संकल्पना निव्वळ तांत्रिक असू शकत नाही.

या संकल्पनेच्या केंद्रस्थानी एक गृहीत आहे. लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक संपादक बसलेला असतो. तो शब्द कागदावर उतरण्यापूर्वीच त्याची झडती घेतो, आणि त्याला दूर केले की खरे लेखन सुरू होते, असे ते गृहीत आहे. हा संपादक मुळात कोण, तो मनात कोठून आला आणि त्याला दूर करणे खरोखरच शक्य आहे काय, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. मुक्तलेखनाचा इतिहास तपासला असता असे दिसते की, ज्यांनी ज्यांनी या संपादकाला हद्दपार केल्याची घोषणा केली, त्यांच्या लेखनातही संपादनाची क्रिया घडलेलीच आहे. बदलला आहे तो तिचा काळ आणि तिचा कर्ता. लेखनाच्या क्षणी टाळलेले संपादन पुढे कधीतरी, आणि पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या हातून, पार पडलेले आहे. मुक्तलेखनाचे खरे मोल ठरवायचे असेल तर या स्थलांतराचा माग काढणे आवश्यक ठरते.

२

न थांबता, न लपवता लिहिण्याची स्पष्ट कृतियोजना प्रथम मांडणाऱ्यांत लुडविग बर्न (१७८६–१८३७) या जर्मन लेखकाचा समावेश करावा लागतो. तीन दिवसांत स्वतंत्र प्रतिभेचा लेखक कसे व्हावे, हे सांगणारा त्याचा छोटा निबंध १८२३ सालचा आहे. सलग तीन दिवस, कोणतीही बतावणी न करता, मनात येईल ते सर्व लिहून काढावे, एवढीच त्याची सूचना आहे. निबंधाचा सूर विनोदी असला तरी त्याचा रोख गंभीर आहे. बर्न फ्रँकफुर्टच्या यहुदी वस्तीत जन्मला. नेपोलियनच्या काळात त्याला तेथील पोलीस खात्यात नोकरी मिळाली, आणि नेपोलियनच्या पाडावानंतर यहुदी म्हणून ती गेली. पुढे तो पत्रकार झाला, पण १८१९ च्या कार्ल्सबाड हुकूमनाम्यांनी वीस फर्म्यांपेक्षा लहान असलेल्या प्रत्येक प्रकाशनावर पूर्वतपासणीचे बंधन घातले. वृत्तपत्रे, नियतकालिके आणि पत्रके यांवर नियंत्रण ठेवणे हाच या मर्यादेचा हेतू होता.

अशा काळात लिहिणाऱ्या बर्नने आपल्या निबंधात एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदवले आहे. सरकारी अभ्यवेक्षणापेक्षा लोकमताचे अभ्यवेक्षण अधिक जाचक असते, कारण ते लेखकाच्या मनातच काम करते, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. लेखकांना बुद्धी कमी पडत नाही. कमी पडते ते चारित्र्य, म्हणजे आपल्याला खरोखर काय वाटते हे स्वतःशी कबूल करण्याचे धैर्य, अशीही त्याची धारणा आहे. मुक्तलेखन ही संकल्पना अशा रीतीने राजकीय भूमीत रुजलेली आहे. मनातला संपादक हा मनाचा जन्मजात घटक नाही. तो बाहेरच्या सत्तेचा आत नेमलेला प्रतिनिधी आहे, हे सूत्र बर्नच्या मांडणीत स्पष्टपणे आढळते.

सिग्मंड फ्रॉइडला बर्नचे समग्र वाङ्मय चौदाव्या वर्षी भेट मिळाले होते. १९२० साली त्याने निनावी प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात हा दुवा नोंदला गेला. मुक्त साहचर्याचे तंत्र विज्ञानाचे नसून कलेचे आहे, असे हॅवलॉक एलिसने सुचवले होते आणि त्यासाठी गार्थ विल्किन्सनच्या १८५७ सालच्या उत्स्फूर्त कवितांचा दाखला दिला होता. त्याला उत्तर देताना फ्रॉइडने आपल्या तंत्राचे मूळ विसरून गेलेल्या बर्नच्या वाचनात असावे, अशी शक्यता मान्य केली. फ्रॉइडने अबोध मनाच्या विवेचनात वापरलेले अभ्यवेक्षकाचे रूपकही राजकीयच आहे. १८९७ च्या एका पत्रात तो या मानसिक यंत्रणेची तुलना सीमेवर परदेशी वृत्तपत्रांतील मजकूर काळा करणाऱ्या रशियन अधिकाऱ्यांशी करतो.

याच संदर्भात आणखी एका पत्राचा उल्लेख करावा लागतो. शिलरने १७८८ साली आपला मित्र क्योर्नर याला लिहिलेले हे पत्र ऑटो रांकने फ्रॉइडच्या निदर्शनास आणले आणि स्वप्नमीमांसेवरील ग्रंथाच्या १९०९ च्या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. विचार मनाच्या दारात उभे असतानाच बुद्धीने त्यांची कसून तपासणी करू नये, कारण एकाकी असताना क्षुद्र वाटणारा विचार पुढच्या विचारांच्या संगतीत मोलाचा ठरू शकतो, असे शिलरचे सांगणे आहे. मुक्तलेखनाच्या समर्थनार्थ हे पत्र पुष्कळदा पुढे केले जाते. परंतु त्याचा उत्तरार्ध दुर्लक्षित राहतो. दारावरचा पहारा उठवून विचारांना आत येऊ द्यावे आणि मग त्या सर्वांचा एकत्रित आढावा घ्यावा, असे शिलर म्हणतो. त्याने तपासणी रद्द केलेली नाही, पुढे ढकललेली आहे. मनोविश्लेषणातही हेच घडते. रुग्णाने काहीही न गाळता बोलायचे असते, पण त्या बोलण्यातून निवड करणारा, त्याची संगती लावणारा दुसरा माणूस तेथे बसलेला असतो. बोलणाऱ्याने सोडलेले संपादन ऐकणाऱ्याने उचललेले असते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. प्लँचेट आणि परलोकविद्येच्या प्रभावामुळे हात आपोआप लिहितो काय, हा कुतूहलाचा विषय झाला होता. पिएर जाने याने १८८९ मध्ये मानसिक स्वयंचलनावरील ग्रंथ प्रसिद्ध केला, तर विल्यम जेम्सने १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात विचाराच्या अखंड प्रवाहाची कल्पना मांडली. जेम्सची विद्यार्थिनी गर्ट्रूड स्टाइन हिने लिऑन सॉलोमन्ससह हार्वर्डच्या प्रयोगशाळेत केलेले प्रयोग १८९६ साली प्रसिद्ध झाले. दोघेही स्वतःच प्रयोगाचे विषय होते. डोळ्यांपुढे कथावाचन चालू असताना हाताला लिहू द्यायचे, लक्ष विचलित ठेवायचे आणि हाताने काय लिहिले ते नंतर पाहायचे, अशी त्यांची रीत होती. उन्मादाच्या रुग्णांत आढळणाऱ्या 'दुसऱ्या व्यक्तिमत्त्वा'च्या पुष्कळशा क्रिया निरोगी माणूसही करू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या प्रयोगांना साहित्याच्या इतिहासात अनपेक्षित महत्त्व आले ते १९३४ साली. त्या वर्षी बी. एफ. स्किनर या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञाने स्टाइनच्या 'टेंडर बटन्स'सारख्या दुर्बोध लेखनाचे रहस्य या जुन्या प्रयोगांत आहे, ते सारे स्वयंचलित लेखन आहे, असा दावा केला. स्टाइनने तो फेटाळला. पुढे १९३७ च्या आत्मपर ग्रंथात तिने स्वयंचलित लेखन असे काही असते यावर आपला विश्वास नसल्याचेच सांगितले. हा वाद व्यक्तिगत नव्हता. 'आपोआप लिहिले' असे म्हणण्याचा अर्थ 'लेखिकेने निवडले नाही' असा होतो. स्त्रीच्या प्रयोगशील गद्यावर संपादनशून्यतेचा शिक्का मारला की त्यातील कर्तृत्वच नाकारता येते. मुक्तलेखनाची स्तुती आणि लेखकाच्या कर्तृत्वाचा नकार या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ असतात, याचे हे पहिले ठळक उदाहरण आहे.

डब्ल्यू. बी. येट्सच्या संसारातील प्रकरण याच प्रकाशात पाहता येते. ऑक्टोबर १९१७ मध्ये विवाहानंतर काही दिवसांतच जॉर्ज येट्सने स्वयंचलित लेखनास प्रारंभ केला. येट्स प्रश्न विचारी आणि तिचा हात उत्तरे लिही. या बैठका काही वर्षे चालल्या व त्यांतून हजारो पाने निर्माण झाली. त्या पानांतून 'अ व्हिजन' हा ग्रंथ १९२५ मध्ये आकाराला आला आणि पुष्कळ फेरफारांसह १९३७ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला. हात पत्नीचा, निवड, मांडणी आणि पुनर्लेखन पतीचे, आणि मुखपृष्ठावर नाव एकट्या पतीचे, अशी ही विभागणी आहे. न खोडता लिहिलेल्या पानांचे संपादन येथे सुमारे दोन दशके चालू राहिले.

४

स्वयंचलित लेखनाला काव्यशास्त्राचा दर्जा दिला तो अतिवास्तववाद्यांनी. आंद्रे ब्रतों पहिल्या महायुद्धात वैद्यकीय विद्यार्थी म्हणून सेंट-दिझिए येथील मनोरुग्णालयात काम करीत होता. तेथे फ्रॉइडच्या पद्धतीचा परिचय झाल्यावर तिचा प्रयोग स्वतःवर करून पाहण्याची कल्पना त्याला सुचली. १९१९ मध्ये त्याने फिलिप सूपोसह 'ले शाँ मान्येतिक' हा ग्रंथ लिहिला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या दिवसअखेर पन्नासेक पाने झाली होती, असे तो पुढे सांगतो. १९२४ च्या जाहीरनाम्यात त्याने अतिवास्तववादाची व्याख्याच शुद्ध मानसिक स्वयंचलन अशी केली. बुद्धीचे नियंत्रण नाही आणि सौंदर्य वा नीती यांची फिकीर नाही, अशी विचाराची आज्ञा जशीच्या तशी टिपणे त्याला अभिप्रेत होते.

परंतु हीच व्याख्या देणाऱ्या जाहीरनाम्यात एक सूचक कबुली आहे. मजकुरात कोणताही फेरबदल करण्यास सूपोने सतत आणि ठामपणे विरोध केला, याचे श्रेय ब्रतों त्याला देतो. विरोध करावा लागला, याचा अर्थ फेरबदलाचा मोह उपस्थित होता. ग्रंथाचे हस्तलिखित अभ्यासकांना उपलब्ध झाल्यावर त्यात खाडाखोड आणि दुरुस्त्या आढळल्या. १९३० च्या सुमारास एका प्रतीच्या समासात केलेल्या टिपणांत ब्रतोंने निरनिराळी प्रकरणे निरनिराळ्या वेगाने लिहिली होती, असे नोंदवले आहे. वेग ठरवणे हीदेखील निवडच आहे. जाहीरनामा मुळात ज्या 'प्वासों सोल्यूब्ल'ची प्रस्तावना म्हणून योजला होता, ते पुस्तकही विपुल स्वयंचलित मजकुरातून वेचून काढलेल्या तुकड्यांचे आहे.

१९३३ मध्ये लिहिलेल्या लेखात ब्रतोंने स्वयंचलित लेखनाचा अतिवास्तववादातील इतिहास हा सततच्या दुर्दैवाचा इतिहास आहे, अशा आशयाची खंत व्यक्त केली. ती प्रामाणिक आहे. परंतु हे दुर्दैव पद्धतीचे नसून दाव्याचे आहे, असे म्हणावे लागते. वेगाने आणि न थांबता लिहिण्यातून या कवींना अभूतपूर्व प्रतिमा गवसल्या. त्या प्रतिमा निवडल्या गेल्या, एवढे मान्य केले असते तर पद्धतीचे काहीच बिघडले नसते. 'शुद्ध' या विशेषणाच्या आग्रहामुळे प्रत्येक दुरुस्ती हा अपराध ठरला, आणि अपराध म्हटला की तो लपवणे ओघाने आलेच.

अमेरिकेत जॅक केरुआकच्या बाबतीत याच दाव्याची लोककथा झाली. 'ऑन द रोड' त्याने एप्रिल १९५१ मध्ये तीन आठवड्यांत, एकास एक जोडलेल्या कागदांच्या सुमारे १२० फूट लांबीच्या गुंडाळीवर, परिच्छेद न पाडता टंकलिखित केली. कागद बदलण्यापुरतेही थांबावे लागू नये, हा गुंडाळीचा हेतू होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिपणात त्याने उत्स्फूर्त गद्याची तत्त्वे सांगताना फेरलेखनाचा निषेध केला. मात्र त्या तीन आठवड्यांपूर्वी अनेक वर्षांच्या वह्या आणि अर्धवट सोडलेले खर्डे होते. त्यानंतर त्याने स्वतः केलेली सुधारित टंकप्रत होती. आणि १९५७ साली ग्रंथ वाचकांच्या हाती पडण्यापूर्वी व्हायकिंग प्रेसच्या संपादकांची काटछाट होती. बदनामीच्या खटल्याच्या भीतीने व्यक्तींची नावेही बदलली गेली. गुंडाळीवरील पाठ वाचकांना स्वतंत्रपणे उपलब्ध झाला तो २००७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी. फेरलेखनाचा निषेध करणाऱ्या लेखकाची कीर्ती अशा रीतीने अर्धशतकभर संपादित पाठावर उभी होती.

५

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धती कवींच्या कडून शिक्षकांच्या हाती आली. डोरोथिआ ब्रँडने १९३४ च्या आपल्या पुस्तकात नवोदित लेखकांना पहाटे नेहमीपेक्षा लवकर उठून, काहीही वाचण्या-बोलण्यापूर्वी लिहावयास बसण्याचा सल्ला दिला होता. परंतु वर्गातील मुक्तलेखनाला निश्चित रूप दिले ते केन मॅक्रोरी आणि पीटर एल्बो यांनी. विद्यार्थी परीक्षकाला खूश करण्यासाठी जी निर्जीव, फुगीर इंग्रजी लिहितात तिच्याविरुद्ध मॅक्रोरीने १९७० च्या 'अपटॉट'मध्ये आघाडी उघडली. एल्बोचे 'रायटिंग विदाउट टीचर्स' १९७३ मध्ये आले. विद्यापीठीय निबंध लिहिणे अशक्य झाल्याने त्याला स्वतःला एकदा डॉक्टरेटचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला होता. त्याचा नियम साधा आहे. दहा मिनिटे सलग लिहावे, थांबू नये, खोडू नये, आणि या मजकुराला कोणीही गुण देऊ नयेत. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. मनातला संपादक येथे शिक्षकाच्या लाल शाईशी जोडलेला आहे. बर्नच्या निबंधातील लोकमताची जागा गुणपत्रिकेने घेतली आहे.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाने १९७० मध्ये शहरातील सर्व शालान्त विद्यार्थ्यांना प्रवेश खुला केला. गरीब, कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित कुटुंबांतील हजारो तरुण प्रथमच महाविद्यालयात आले. तेथील प्राध्यापिका मायना शॉनेसी हिने अशा विद्यार्थ्यांच्या सुमारे चार हजार प्रवेश-निबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ सिद्ध केला. या मुलांच्या चुका बेफिकिरीतून येत नाहीत, त्यांच्यामागे काहीएक तर्क असतो, आणि चुकीची भीती त्यांचे लेखनच आवळून टाकते, हे तिने दाखवून दिले. साँड्रा पर्लने १९७९ मध्ये पाच विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेचे सूक्ष्म निरीक्षण प्रसिद्ध केले. हे विद्यार्थी दुरुस्ती करीत नाहीत असे नव्हे. उलट ती फार लवकर आणि फार वेळा करतात, त्यामुळे वाक्य पुरे होण्यापूर्वीच विचाराचा धागा तुटतो, असे तिला आढळले. मनातील संपादकाची कल्पना प्रथमच येथे निरीक्षणाच्या आधारावर उभी राहिली. तो संपादक प्रत्येकाच्या मनात सारख्याच जोराने बोलत नाही, हेही त्यातून सूचित झाले. ज्याची घरची भाषा वर्गाच्या भाषेपासून जितकी दूर, तितका हा आवाज मोठा.

मुक्तलेखनावर झालेली टीकाही याच मुद्द्यापाशी येऊन पोहोचते. डेव्हिड बार्थोलोमी याने १९८५ च्या निबंधात असे प्रतिपादन केले की, विद्यापीठीय लेखन म्हणजे एका विशिष्ट समूहाची भाषा आत्मसात करणे होय. विद्यार्थ्याने 'स्वतःचा' आवाज शोधावा ही अपेक्षा त्या समूहाची सत्ता झाकून टाकते. १९९५ मध्ये त्याचा आणि एल्बोचा या प्रश्नावरील वाद प्रसिद्ध झाला. लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १९८८ मध्ये अधिक टोचणारा आक्षेप घेतला. ज्या मुलांना घरातूनच प्रमाणभाषा मिळते त्यांना 'मनातले लिहा' म्हणणे पुरते. इतरांना सत्तेच्या भाषेचे नियम उघडपणे शिकवले नाहीत, तर मोकळीक हीच वंचना ठरते. एल्बोची उत्तरकालीन मांडणी या आक्षेपांच्या संदर्भात वाचली पाहिजे. १९९९ च्या निबंधात आणि २०१२ च्या 'व्हर्नाक्युलर एलोक्वन्स'मध्ये तो पहिला खर्डा घरच्या बोलीत लिहू द्यावा आणि अखेरच्या टप्प्यावर, गरज असेल तेथे, तो प्रमाणभाषेत आणावा, असे सुचवतो. दोन टप्पे आणि दोन भूमिका येथे स्पष्टपणे वेगळ्या होतात. शिलरच्या पत्रातील पहारा आणि आढावा यांचा क्रमच येथे पुन्हा भेटतो.

६

मराठी साहित्यविचारात या प्रश्नाची चर्चा मुख्यतः दोन ठिकाणी उपस्थित होते. पहिले ठिकाण संज्ञाप्रवाहाचे. बा. सी. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' (१९४२) या कादंबरीमुळे ही संज्ञा मराठी समीक्षेत स्थिरावली, आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही आला. असंपादित मनाचे चित्रण म्हणजे असंपादित लेखन, असे मानले जाऊ लागले. वास्तविक संज्ञाप्रवाही कादंबरी ही अत्यंत जाणीवपूर्वक रचलेली असते. जॉइसने 'युलिसिस'चा बराच मोठा भाग मुद्रितांच्या समासात वाढवत नेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मनाची विस्कळीतता कागदावर आणण्यासाठी कागदावर पुष्कळ शिस्त लागते. संज्ञाप्रवाह हा रचनाप्रकार आहे आणि मुक्तलेखन ही लेखनक्रिया आहे. दोहोंचे पूर्वज विल्यम जेम्सपाशी एकत्र येतात, एवढाच त्यांचा संबंध.

दुसरे ठिकाण उत्स्फूर्ततेच्या कौतुकाचे. बहिणाबाई चौधरींची गाणी ही लिहिलेली नव्हेत. निरक्षर बहिणाबाई ती कामाच्या ओघात रचीत आणि गात. सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली, आणि बहिणाबाईंच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूप झाली. जे कागदावर उतरले ते टिकले, आणि काय उतरावे हे कागद ज्यांच्या हाती होता त्यांच्यावर अवलंबून राहिले. या गाण्यांचे 'सहज' म्हणून झालेले कौतुक यथार्थ असले तरी त्यामागील रचनेची जाण त्या कौतुकात अनेकदा हरवते. दलित साहित्याच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेने घडले. बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार यांच्या लेखनाला 'अनुभवाचा रांगडा उद्रेक' म्हणणारी प्रशंसा वरवर उदार दिसते. परंतु उद्रेकाला निवड नसते, आणि या लेखकांच्या पानोपानी शब्दांची निवड आहे. स्टाइनच्या गद्याला स्वयंचलित म्हणणाऱ्या स्किनरची आणि ही भूमिका फारशी भिन्न नाही. दोन्हीकडे लेखकाकडून त्याचे संपादकत्व काढून घेतले जाते.

या पार्श्वभूमीवर मराठीच्या वर्गातील विद्यार्थ्याचा विचार करणे अपरिहार्य होते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. लेखनव्यवहाराच्या एकरूपतेसाठी असे नियम आवश्यकच असतात. प्रश्न नियमांचा नाही. ते विद्यार्थ्याच्या मनात कोणत्या क्षणी बोलू लागतात, हा प्रश्न आहे. अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा विद्यार्थी पहिल्या वाक्यातच ऱ्हस्व-दीर्घापाशी, 'न' आणि 'ण'पाशी अडखळतो, बोलीतला नेमका शब्द गिळून पुस्तकी शब्द शोधतो, आणि शोधता शोधता सांगायचे होते तेच विसरतो. पर्लच्या पाच विद्यार्थ्यांची स्थिती यापेक्षा वेगळी नव्हती. अशा विद्यार्थ्याला दहा मिनिटे न खोडता लिहू देणे म्हणजे लाड नव्हे. गिळलेला शब्द कागदावर येऊ देण्याचा तो एकमेव मार्ग असू शकतो. मात्र तेथेच थांबणे म्हणजे डेल्पिटच्या आक्षेपाला पात्र होणे होय. कागदावर आलेल्या शब्दांपैकी कोणता ठेवायचा, कोणता प्रमाणभाषेत न्यायचा आणि कोणता मुद्दाम बोलीतच राहू द्यायचा, हे ठरवण्याचे सामर्थ्य त्याच विद्यार्थ्याच्या हाती दिले पाहिजे.

बर्नपासून एल्बोपर्यंतच्या या इतिहासातून एक गोष्ट निःसंदिग्धपणे पुढे येते. संपादन टळत नाही. लेखकाने ते केले नाही तर विश्लेषक करतो, पती करतो, प्रकाशक करतो, संग्राहक करतो, समीक्षक करतो. म्हणून 'न खोडता लिहा' हा उपदेश स्वातंत्र्याची संपूर्ण व्याख्या होऊ शकत नाही. ती व्याख्येची पहिली अर्धी बाजू आहे. संपादकाला काही काळ दाराबाहेर थांबवायचे ते पुढे आत बोलावताना त्याच्याकडून जाब घेता यावा, यासाठी. तो कोणाच्या वतीने खोडतो आहे, शासनाच्या, लोकमताच्या, परीक्षकाच्या की लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या, हे त्याला तेव्हाच विचारता येते, जेव्हा खोडण्यासारखे काहीतरी आधी कागदावर आलेले असते.